तांबडमाळला न झालेलं कीर्तन

ज्या उन्हाळ्यात हे घडलं, त्या उन्हाळ्यात माझी प्रार्थना जवळजवळ बंद पडली होती. बाहेरून कुणाला ते कळलं नसतं. रविवारी मी आमच्या ख्रिस्ती देवळात पेटीवर बसत होतो, पाळकसाहेब सांगतील ते गीत वाजवत होतो, डोळे मिटायच्या वेळी डोळेही मिटत होतो. पण मिटल्या डोळ्यांआड काही हलत नसे. पावसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिला होता. प्रवरेच्या पात्रात वाळूच वाळू दिसत होती, मधूनमधून एखाद्या डोहात हिरवट पाणी साचून होतं, आणि माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईबाप सरकारी कामावर खडी फोडायला गेले होते. दोन वर्षं आम्ही गुडघे टेकून पाऊस मागितला होता. मी साधा शाळामास्तर. देवाशी भांडावं एवढं बळ माझ्यात नव्हतं. मी नुसता गप्प झालो होतो, आणि आतली ती शांतता झाकायला म्हणून की काय, गाण्याला मात्र पूर्वीपेक्षा घट्ट धरून बसलो होतो.

आमचं गाव कोल्हारपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गावात आमचं सातजणांचं भजनी मंडळ होतं. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत आम्ही येशूच्या दुःखसहनाचं कीर्तन गावोगाव करत असू. पेटीवर बसून आख्यान मी सांगायचो. तबल्यावर दाविदतात्या. ते सुतारकाम करत, बोलणं फार कमी. झांज रूथमावशींच्या हातात. त्या तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त होऊन गावी राहायला आल्या होत्या. बाकी चौघं मागे गाणारी. नुसते ख्रिस्तीच नव्हे, वस्तीवरचे मराठे, धनगर, सगळेच ऐकायला येत आणि वधस्तंभाच्या प्रसंगाला बायका पदराने डोळे पुसत. लोक म्हणत, मास्तरांचं कीर्तन आहे. मंडळाचं कीर्तन आहे असं कुणी म्हणत नसे, आणि ती चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

त्या वर्षी सात गावं ठरली होती. दोन झाली. तिसऱ्याच्या आधी रूथमावशी माझ्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून म्हणाल्या की खडीच्या कामावर तीन माणसं जुलाब-उलट्यांनी गेल्याचं ऐकलं आहे. आपण या आठवड्यात जाऊ नये. मी विचारलं, सरकारी हुकूम आहे का. त्या म्हणाल्या, हुकूम यायला वेळ लागतो, पटकीला लागत नाही. मी हसलो. लोक वाट पाहत असतील, मांडव घातला असेल, आणि दुःखात असलेल्या लोकांना या वर्षी देवाच्या वचनाची जास्तच गरज आहे, असं बरंच काही मी त्यांना सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण कीर्तन केलं नाही तर माझ्याजवळ काय उरतं, ही जी भीती होती, ती मी सांगितली नाही. रूथमावशी तरीही झांज घेऊन आमच्याबरोबर आल्या.

कीर्तन रंगलं. त्या गावात सगुणाआजी म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. आम्ही गेलो की दरवर्षी त्यांच्याच अंगणात आमची पंगत बसायची. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून त्यांनी दूरच्या झऱ्यावरून घागर आणवली होती आणि सगळ्या पंगतीला त्या स्वतः पाणी वाढत होत्या. रूथमावशींनी आमच्या सातजणांसाठी घरून उकळलेल्या पाण्याची बरणी आणली होती. त्यांच्या धाकाने आम्ही तेवढंच प्यायलो. गावकरी घागरीतलं प्यायले.

चौथ्या दिवशी निरोप आला. त्या गावात अकरा घरांत पटकी शिरली होती आणि सगुणाआजी गेल्या होत्या.

पटकी आमच्यामुळे तिथे आली असं कुणी म्हणालं नाही. ती त्या झऱ्यात आधीच असेल, कीर्तन झालं नसतं तरी लोक तेच पाणी प्यायले असते, असं दाविदतात्या मला दोनदा म्हणाले. असेलही. आजही मी त्याचा निवाडा करू शकत नाही. पण ती पंगत आमच्यासाठी होती, आणि ती घागर त्या पंगतीसाठी आणली होती, एवढं मला माहीत आहे. त्या दिवशी मी देवळात एकटाच जाऊन बसलो. रडू आलं नाही, प्रार्थनाही आली नाही. फक्त सगुणाआजींचा तांब्या धरलेला हात दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून हुकूम आला आणि दवंडी पिटली. यात्रा, बाजार, लग्नाच्या पंगती, सभा, कीर्तनं, सगळं बंद. प्रत्येकाने सुई टोचून घ्यायची, पाणी उकळून प्यायचं. आमचं मंडळ देवळाच्या अंगणात लिंबाखाली हात हात अंतर सोडून बसलं. चार गावं राहिली होती, त्यात उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, तांबडमाळचं कीर्तन सगळ्यांत मोठं. मी म्हणालो की मी आता कुठलाच निर्णय घेणार नाही, तुम्ही घ्या. रूथमावशींनी मला तेवढ्यावर सुटू दिलं नाही.

"मास्तर, निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावानं लोक जमतात. न जमायचं ते तुमच्याच तोंडून ऐकू द्या त्यांना. आपण काही देवाला थांबवत नाही. एका विहिरीवर चारशे माणसं यायची तेवढी थांबवतोय."

मग मी माझ्या तोंडाने सांगितलं की उरलेली चारही कीर्तनं होणार नाहीत. सांगून झाल्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला पूर्ण श्वास घेता आला.

एकदा ठरल्यावर मंडळाने ते निर्धाराने केलं. चारही गावांना पत्रं लिहिली, आणि पत्रावर विसंबायचं नाही म्हणून जवळच्या तीन गावांना मंडळातली माणसं स्वतः जाऊन आली. गाणं मात्र कुणी सोडलं नाही. रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ज्याने त्याने आपापल्या दारात उभं राहून गायचं असं ठरलं. दाविदतात्या त्यांच्या ओसरीवर तबला वाजवत, तो माझ्या घरापर्यंत पोचेपर्यंत अर्धी मात्रा मागे पडे. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. तिसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचेही दारात येऊन उभे राहू लागले. सुई टोचायला माणसं यायला तयार नव्हती, तेव्हा रूथमावशींनी सोपे शब्द जुळवले, आणि त्या व दाविदतात्या खंजिरी घेऊन आळीआळीतून गात फिरले, की पाणी उकळा, हात धुवा, दंड पुढे करा. रूथमावशींचा आवाज काही गोड नव्हता. पण त्यांच्या मागे लोक बाहेर आले. मी शाळेच्या ओट्यावर नावं लिहून घेत होतो. मला स्वतःला सुई सगळ्यांत शेवटी मिळाली, उत्तम शुक्रवारच्या तीन दिवस आधी.

गुरुवारी दुपारी पोस्टमनने मला तांबडमाळहून आलेलं पत्र दिलं. तांबडमाळ आमच्यापासून वीसेक मैल, कालव्याचा उसाचा पट्टा संपला की पुढे माळाला लागून. एस.टी. तिथे जात नव्हती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, शिमोनबाबा यांनी लिहिलं होतं की मांडव झाला आहे, आजूबाजूच्या वाड्यांतून लोक येणार आहेत, गावातल्या एका विहिरीला तळाशी पाणी आहे ते खास या दिवसासाठी राखून ठेवलं आहे, तरी मास्तरांनी वेळेवर यावं. आमच्या पत्राचा त्यात उल्लेखच नव्हता. आमचं पत्र त्यांना मिळालं नव्हतं, आणि दवंडीही तिथवर पोचली नव्हती.

राखून ठेवलेल्या त्या एका विहिरीची ओळ मी दोनदा वाचली. पुढल्या दिवशी बाराला उपासना सुरू व्हायची होती. मी ठरवलं की पहाटे सायकलने निघायचं आणि दहाच्या आत पोचायचं. दाविदतात्या म्हणाले, मी जातो. त्यांचं वय साठीच्या पुढे. मी ऐकलं नाही. सगुणाआजींच्या गावाला नेणारा मी होतो, तेव्हा तांबडमाळला थांबवणाराही मीच असायला हवा, असं मला वाटत होतं. यातही पुन्हा मीच होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

इथे मला आणखी एक कबूल करायचं आहे. गुरुवारपासून माझं पोट बिघडलं होतं. दोनदा परसाकडे जाऊन आलो होतो. बायकोला सांगितलं नाही, रूथमावशींना तर मुळीच नाही. उपवासाने झालं असेल, सुईने झालं असेल, अशी मी माझी समजूत घातली. सांगितलं असतं तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं, आणि मला जायचं होतं.

पहाटे बायकोने उकळलेल्या पाण्याची बाटली आणि भाकरी बांधून दिली. कोल्हारचा पूल ओलांडून मी सडकेला लागलो. पहिले आठ मैल बरे गेले. कालवा कोरडा होता, उसाची खोडकी वाळली होती, पण गारवा होता. मग रस्ता कच्चा लागला, आणि पोटात कळ आली. तिथून पुढे किती वेळा उतरलो ते मला सांगता येणार नाही. दर वेळी उठायला जास्त वेळ लागत होता. बाटली संपली. ऊन चढलं. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तेव्हा सायकल हातात धरून चालत राहिलो, कारण तांबडमाळ अजून पाच-सहा मैल होतं आणि माझ्या नजरेसमोर ती विहीर होती. शेवटी एका ओढ्याच्या उतारावर पाय वळले आणि मी सायकलसकट खाली आलो. उठता येईना. हाताची बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. आता मात्र मला कळलं की हे काय आहे.

तिथे बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत पडून, दोन वर्षांनी पहिल्यांदा मी खरी प्रार्थना केली. ती फार लांब नव्हती. मी म्हणालो, "प्रभू, माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांना सांग." एवढंच. दुसरं काही मागायला तोंडात ओल नव्हती.

किती वेळ गेला माहीत नाही. सायकलची घंटा ऐकू आली. एक माणूस सायकल धरून उतार उतरत होता. पन्नाशीचा, पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या माळा कापडाखाली झाकलेल्या. त्याने मला पाहिलं, सायकल बाभळीला टेकवली आणि जवळ आला.

मी त्याला हाताने दूर हो म्हटलं आणि पटकी आहे असं सांगितलं. तो काही मागे सरला नाही. म्हणाला, "दिसतंय मला. आमच्या घरात होऊन गेलीय ती." मग त्याने आपल्या पिशवीतून ॲल्युमिनियमचा तांब्या काढला, चामड्याच्या छोट्या पखालीतून पाणी ओतलं, पुडीतून मीठ आणि गुळाचा खडा टाकून बोटाने ढवळलं. पाणी उकळलेलं आहे, त्याच्या मुलीने सकाळीच उकळून भरलं आहे, असंही सांगितलं, जणू माझ्या मनातला प्रश्न त्याला ऐकू आला होता. घोट घोट पाजलं. उलटी झाली की थांबायचा आणि पुन्हा पाजायचा. त्याच्या हाताला घाई नव्हती.

बोलता येऊ लागलं तसं मी त्याला तांबडमाळचं सांगितलं. तो त्याच बाजूला निघाला होता. यात्रा बंद, बाजार बंद, म्हणून तो वाड्यावस्त्यांवर दारोदार फिरत होता, आणि दारोदारही आता कुणी हात पुढे करत नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, तू पुढे जा आणि त्यांना सांग की कीर्तन नाही, विहिरीवर कुणी पाणी भरायचं नाही, जेवणावळ नाही, सगळ्यांनी आपापल्या घरी जावं.

"जातो मी, मास्तर. पर त्ये माजं ऐकत्याल का? मी बांगडीवाला, मुसलमान मानूस. त्यांच्या सनाला जाऊन घरी जावा म्हनलं, तर मारत्याल मला."

त्याचं खरं होतं. मी खिशातून कागद काढला, पण पेन्सिल बोटांत धरता येईना. रेघोट्या ओढल्या गेल्या. माझी ओळख पटावी असं काही माझ्याजवळ नव्हतं. मग मला सुचलं. त्या वर्षी खास तांबडमाळच्या आख्यानासाठी मी एक नवं धृपद केलं होतं, बागेत येशू शिष्यांना जागं राहायला सांगतो त्या प्रसंगाचं. पत्रातून ते शिमोनबाबांना स्वरांसकट आधीच पाठवलं होतं, आणि तिथल्या मंडळींनी ते बसवून ठेवलं होतं. आमचं मंडळ आणि तांबडमाळकर सोडले तर ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुला एक ओळ देतो, ती तिथे म्हण. आणि फुटक्या आवाजात ती म्हणून दाखवली:

"थांब माझ्या जिवा थांब, धनी तुझा जागा आहे."

त्याने ती ऐकली, मान हलवली आणि म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा म्हटली. तिसऱ्या वेळी त्याने स्वतः म्हटली. सूर थोडा निराळा लागला, शेवटचा शब्द त्याने वर नेला. ते नीट करायला माझ्यात शक्ती नव्हती. त्याने तांब्या, मिठाची पुडी, गूळ आणि उरलेलं पाणी माझ्या उशाशी ठेवलं. मातीने आणि नंतर चुलीच्या राखेसारखी काही पूड होती तिने हात चोळून घेतले. बांगड्यांवरचं कापड काढून माझ्या डोक्यावर बाभळीच्या फांद्यांना बांधलं. जाताना एवढंच म्हणाला, "झोपू नका. घोट घोट घेत ऱ्हावा. अल्ला हाय." मी त्याला नाव विचारलं की नाही, ते आठवत नाही. विचारलं नसावं.

मी घोट घोट घेत राहिलो. ऊन डोक्यावरून कललं, तेव्हा बैलगाडीचा आवाज आला. शिमोनबाबांचे दोन पुतणे गाडी घेऊन आले होते. त्यांनी मला गावात नेलं नाही. बांगडीवाल्याने त्यांना बजावून सांगितलं होतं की मास्तरांना गावाकडे आणू नका, सरळ सडकेवर न्या, तिथे सरकारी पटकीचा तंबू आहे. त्यांनी तसंच केलं. तंबूत माझ्या हातात सलाईनची सुई टोचली तेव्हा माझे डोळे पुरते खोल गेले होते असं तिथल्या कंपाउंडरने नंतर सांगितलं. चौथ्या दिवशी मी उठून बसलो. तो रविवार उलटून गेला होता. ईस्टरची उपासना माझ्याशिवाय, पेटीशिवाय, दारादारांतून झाली होती.

रूथमावशी तिसऱ्या दिवसापासून माझ्याजवळ येऊन राहिल्या होत्या. मी त्यांना गुरुवारच्या पोटाचं सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी माझी नाडी पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पोचला असता मास्तर, तर हात धुवायला, तोंड धुवायला त्याच विहिरीवर गेला असता. साथ थांबवायला निघाला होता, आणि साथच घेऊन पोचला असता."

ओढ्यात पडलो तेव्हा मला वाटलं होतं की देवाने माझं शेवटचं कामही माझ्या हातून काढून घेतलं. ते काढून घेणंच त्याचं उत्तर होतं, हे मला त्या खाटेवर कळलं. मी प्रार्थनेत म्हणालो होतो, त्यांना सांग. त्याने सांगितलं. माझ्या तोंडाने सांगायचं मात्र टाळलं.

तांबडमाळला काय झालं ते मला शिमोनबाबांनी नंतर भेटीत सांगितलं. मांडवाखाली दीडशे-दोनशे माणसं जमली होती, आणखी येत होती. तेवढ्यात हा बांगडीवाला मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, याला आज धंदा सुचतोय. कुणीतरी त्याला हटकलं. त्याने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. शिमोनबाबा म्हणाले की ती ओळ त्याच्या तोंडून ऐकताच मांडव गप्प झाला. त्याने ती तीनदा म्हटली, मग मी दिलेला निरोप शब्दाला शब्द सांगितला. शिमोनबाबा उठून उभे राहिले आणि विहिरीवर काटेरी फांद्या टाकायला माणसं पाठवली. वाड्यांवरून आलेले लोक पाणीही न पिता परत फिरले. त्या आठवड्यात तांबडमाळला दोघांना पटकी झाली, दोघंही वाचले. आजूबाजूच्या वाड्यांत झाली नाही. ती का झाली नाही यावर मी वाद घालणार नाही. डॉक्टर एक सांगतील, मी एक सांगेन, दोन्ही खरं असू शकेल.

साथ ओसरली. आषाढात पाऊस आला, फार नाही, पण पेरण्यापुरता. बंदी उठली तेव्हा आमच्या मंडळाने पहिलं कीर्तन सगुणाआजींच्या गावी केलं. त्यांच्या अंगणात मी लोकांसमोर कबूल केलं की मला थांबायला सांगितलं होतं आणि मी थांबलो नव्हतो. त्यांचा मुलगा उठून माझ्याजवळ येऊन बसला. कीर्तन संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. त्यानंतर आम्ही तांबडमाळला गेलो.

तिथे बायांनी ते धृपद उचललं, आणि मी पेटीवर चमकलो. ती माझी चाल नव्हती. शेवटचा शब्द त्या वर नेत होत्या. त्यांनी बसवलेली चाल त्या शुक्रवारी पुसली गेली होती आणि त्या जागी बांगडीवाल्याची बसली होती. दाविदतात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी थांबवून दुरुस्त करीन म्हणून. मी स्वर शोधला आणि त्यांच्या मागोमाग वाजवत गेलो. ती चाल माझ्या चालीपेक्षा बरी आहे.

त्या माणसाला मी खूप शोधलं. तांबडमाळकरांनी त्याला थांबायचा आग्रह केला होता, पण माझ्याकडे गाडी निघाल्याचं पाहून तो पुढच्या वस्तीकडे निघून गेला, आणि त्याआधी किंवा नंतर कुणी त्याला पाहिलं नाही. मी श्रीरामपूरच्या बाजारात विचारलं, नगरला बांगड्यांच्या दुकानांतून विचारलं. सगळीकडे लोक आपुलकीने बोलले, पण असा माणूस कुणाच्या ओळखीचा निघाला नाही. आमच्या मंडळीतले काहीजण म्हणाले, तो देवदूत होता. मला तसं म्हणवत नाही. देवदूताच्या घरात पटकी होऊन गेलेली नसते, आणि मुलीने सकाळी उकळून दिलेलं पाणी तो दुसऱ्याला पाजत नाही. तो माणूस होता, म्हणूनच मी त्याचा अधिक ऋणी आहे.

आज पेटीवर बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. मंडळ आता तरुण माणसं चालवतात, मी मागे बसतो. प्रार्थना मात्र पुन्हा सुरू झाली आणि नंतर कधी बंद पडली नाही. पूर्वी मी देवाकडे मागायचो की माझ्या हातून अमुक घडू दे. आता मागताना माझा हात मी त्यातून काढून घेतो. अमुक घडू दे, एवढंच म्हणतो, आणि ते कुणाच्या हातून घडतं हे पाहायला दारात उभा राहतो.